दीपगृह कुठून घ्यावं?

हे नेमकं कोणत्या वर्षी घडलं, ते मला खात्रीनं सांगता येत नाही. ही म्हणते, मी निवृत्त झालो त्याच्या पुढच्याच वर्षी; मला वाटतं, दोन वर्षांनी. माझा माझ्या स्मरणशक्तीवर फारसा विश्वास नाही, हिचा तर मुळीच नाही. तेव्हा खालचे संवाद शब्दशः असेच झाले असतील याची हमी मी देत नाही. माझा जो जो मूर्खपणा यात येईल तो मात्र बिनधास्त खरा धरावा. तो मनानं रचून सांगायला कल्पनाशक्ती लागते आणि ती माझ्यापाशी नाही, असं माझ्या गोपनीय अहवालात दोन विभागप्रमुखांनी लिहून ठेवलं आहे.

मी संख्याशास्त्राचा प्राध्यापक होतो. माझ्या डॉक्टरेटचा विषय होता, अपुरी माहिती हाताशी असताना योग्य निर्णय कसा घ्यावा. प्रबंध चारशे बारा पानांचा आहे. (विद्यापीठाच्या ग्रंथालयातून त्याची प्रत आजवर दोनदा बाहेर गेली. दोन्ही वेळा मीच नेली होती.) एवढा अभ्यास असूनही, किंवा असल्यामुळेच, आमच्या घरात इस्त्री घ्यायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत मी कपडे गादीखाली ठेवून कॉलेजात जात होतो आणि मुलांना निर्णयशास्त्र शिकवत होतो.

ज्या वस्तूला वायर आहे ती मी निवडायची, असा आमच्या घरातला अलिखित करार. तो हिनं का मान्य केला, ते मला कळत नाही, कारण निर्णय ही गोष्ट हिच्या हातचा मळ. ही टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. 'कोण बोलतंय, कोण हवंय, थांबा जोडते' या तीन वाक्यांत पस्तीस वर्षांची नोकरी केली. माझ्याशी लग्न करायचं हेसुद्धा तिनं कपातला चहा निवायच्या आत ठरवलं होतं. (तेवढी एकच गोष्ट जरा विचार करून करायला हवी होती, असं ती अधूनमधून म्हणते.)

मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली तेव्हा तिचा जुना पण दणकट कॉम्प्युटर आमच्याकडे राहिला. हिनं आधी त्यावर पत्ते खेळून पाहिले, मग शब्दकोडी, आणि मग एक दिवस मी दुपारची झोप काढून उठतो तर ही बस चालवत होती. पडद्यावर, पण अगदी खरी. आरसे बघून, वळणावर वेग कमी करून, थांब्यावर दार उघडून. आमच्या घरात गाडी चालवता येणारी ती एकटीच. मी मागे उभा राहून "जपून" म्हणालो, तर म्हणाली, "चालत्या गाडीत ड्रायव्हरशी बोलू नये."

आता मेट्रन. मेट्रन म्हणजे हिची थोरली बहीण, नात्यानं माझी अक्कडसासू. एका मोठ्या इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांच्यासमोर सर्जनसुद्धा हात मागे बांधून उभे राहत म्हणे. मी तर लग्नाच्या दिवसापासून तसाच उभा आहे. त्या मला 'प्राध्यापक' म्हणत. त्या शब्दाचा उच्चार त्या असा करत की मला दर वेळी वाटायचं, हा एखादा जुनाट आजार असावा.

या दोघी बहिणींचं तीन वर्षं बोलणं बंद होतं. आईचं घर रिकामं केलं तेव्हा शिलाई मशीन कुणी न्यायचं, असा प्रश्न निघाला. मेट्रननी हिला विचारलं, "तुला हवंय का?" ही म्हणाली, "नको." मेट्रननी मशीन नेलं. झालं एवढंच. पण "नको" म्हटल्यावर माणसानं पुन्हा एकदा विचारायचं असतं, असं हिचं म्हणणं. ते त्यांनी विचारलं नाही. तेव्हापासून वर्षातून दोन मेसेज, दोघींच्या वाढदिवसांना एकेक. मजकूर : शुभेच्छा. दोघी एकमेकींवाचून झुरत होत्या, हे माझ्यासारख्यालाही दिसत होतं.

एका मंगळवारी दुपारी ही फोन दोन्ही हातांत धरून माझ्या खोलीत आली. काठोकाठ भरलेला कप आणावा तशी.

"अहो, ताईचा मेसेज आलाय."

"आज तुझा वाढदिवस आहे?" मी घाबरून खुर्चीतून उठलो.

"नाही. वाढदिवस नसताना आलाय."

तिनं तो मला वाचून दाखवला. 'दीपगृह नावाचा खेळ आहे. दोघींनी मिळूनच खेळता येतो. मी घेतलाय. खेळतेस?'

मग पुन्हा वाचून दाखवला. मग शोधून दीपगृहाची माहिती काढली तीही वाचून दाखवली. एका बेटावर दीपगृह असतं. एकीनं वर दिवा सांभाळायचा, दुसरीनं खाली इंजिन. वरचीला समुद्र दिसतो, खालचीला दिसत नाही. खालची दिव्याला वीज पुरवते, वरचीला ती पुरवता येत नाही. सतत एकमेकींशी बोललं नाही तर जहाजं खडकावर आपटतात. हा खेळ ज्या कुणी बनवला त्याला बहिणी असणार.

"अहो, घ्या ना हा. आत्ताच्या आत्ता," ही म्हणाली. तिच्या गालांवर चक्क रंग आला होता.

मी म्हणालो, "घेऊ की. बघतो."

हा एवढा शब्द मी उच्चारला नसता तर पुढचं काही लिहायची वेळ आली नसती. कॉम्प्युटरला वायर होती, म्हणजे खेळही माझ्याच खात्यात, असा मी अर्थ लावला. ही बिचारी आनंदात होती. तिनं लगेच बहिणीला कळवलं, 'हो ताई! हे बघतायत कुठून घ्यायचा ते.'

पाच मिनिटांनी उत्तर आलं. 'बरं.'

माझी आपली भाबडी समजूत होती की खेळ एका दुकानात मिळत असेल, आपण जायचं, घ्यायचा. एका तासात सात ऑनलाइन दुकानं निघाली. पहिलं भलंमोठं, जिथे सगळं जगच खरेदी करतं (म्हणून मला संशय). दुसरं दर आठवड्याला एक खेळ फुकट देणारं (म्हणून जास्तच संशय). तिसरं, 'आमचा खेळ कायमचा तुमचा' असं सांगणारं. म्हणजे बाकीच्यांचा नसतो की काय, या विचारानं माझी एक सकाळ गेली. चौथ्यात खेळ मिळतच नव्हता, फक्त किल्ली मिळत होती. किल्ली म्हणजे पंधरा-सोळा अक्षरांचा एक सांकेतिक शब्द. तो दुसरीकडे नेऊन टाकायचा की खेळ उघडतो. पाचव्यात अनोळखी लोक आपापल्या जवळच्या जादा किल्ल्या विकत होते. सहाव्यात महिन्याचं भाडं. सातवं दुकान म्हणजे चौथंच नाव बदलून बसलंय, असं मला आजही वाटतं.

सगळीकडे किंमत वेगळी. फरक फार नव्हता. दोन कप कॉफीचा, फार तर तीन. पण प्रश्न तत्त्वाचा होता. स्वस्तातलं आणि भरवशाचं दुकान शोधणं हा तर सरळ माझ्या प्रबंधाचाच विषय. आयुष्यात पहिल्यांदा तो कुणाच्या उपयोगी पडणार होता. मी नवीन फाइल काढली.

सातही दुकानांच्या अटी मी वाचल्या. एका दुकानाच्या अटींत एकच परिच्छेद दोनदा छापला होता, तो मी त्यांना पत्रानं कळवला. त्यांचं आभाराचं उत्तर आलं, म्हणून मी त्यांना पाच गुण वाढवून दिले. मग तो पक्षपात वाटला, म्हणून कमी केले. मग कमी केले हाही राग वाटला, म्हणून अडीच ठेवले.

चौथ्या दिवशी मेट्रनचा मेसेज आला. 'काय झालं?'

हिनं मला विचारलं, "काय सांगू?"

"सांग, तक्ता करतोय."

"तक्ता कसला त्यात? ताईला विचारते ना, तू कुठून घेतलास. तिथूनच घेऊन टाकू."

हे वाक्य तिनं चौथ्याच दिवशी म्हटलं होतं. याबाबतीत माझी स्मरणशक्ती दुर्दैवानं पक्की आहे.

"मुळीच विचारायचं नाही," मी म्हणालो.

"का बरं?"

"तुझ्या ताईंनी घेतलंय म्हणजे चांगलंच असणार, असं माझं मन धरून चालेल. सगळे गुण तिकडे वळतील. त्याला पूर्वग्रह म्हणतात."

"पूर्वग्रह कुठला, सख्खी बहीण आहे ती माझी."

"शास्त्राला बहीण नसते."

"म्हणून शास्त्राशी कुणी बोलत नाही," ही म्हणाली आणि बस चालवायला निघून गेली.

पण तिच्या बोलण्यानं माझ्या मनात एक भीती शिरली. दुकानांची नावं मला माहीत होती, त्यावरून माझं मत आधीच गढूळ झालं असेल तर? तेव्हा नावं झाकून परीक्षा घ्यायची ठरवली. मी हिला सात चिठ्ठ्या दिल्या.

"सात दुकानांना सात अक्षरं दे. कोणतं कुणाचं ते मला सांगायचं नाही."

"पण दुकानं तुम्हीच शोधलीत ना? तुम्हाला माहितीयेत ती."

"विसरायचा प्रयत्न करीन."

"तेवढं जमेल तुम्हाला."

नवव्या दिवशी पुन्हा मेसेज. 'अजून?' हिनं लिहिलं, 'आता नावं झाकलीयेत.' बऱ्याच वेळानं उत्तर आलं, 'बरं'. ही त्या शब्दाकडे बघत राहिली.

"ताई रागावलीय."

"कशावरून? तोच तर शब्द आहे."

"आधी 'बरं' पुढे पूर्णविराम होता. आज नाहीये."

"मग उलट सौम्य झाल्या म्हणायचं."

"अहो, पस्तीस वर्षं लोकांचे आवाज ऐकलेत मी."

"हा आवाज नाही, मजकूर आहे."

"ताईच्या मजकुरालाही आवाज असतो," ती म्हणाली. "तिला वाटतंय मी टाळतेय. तुमचं नाव पुढे करून टाळतेय. घ्या हो आता कुठूनही. पाया पडते."

तेव्हा घ्यायला हवा होता. फाइल मिटायला हवी होती. पण दोन वर्षांच्या किमतींचा आलेख काढल्यावर मला स्वच्छ दिसलं होतं की सतराव्या दिवशी, गुरुवारी, सगळीकडे भाव उतरणार. आठ दिवस थांबायचं, बस. गुरुवारी भाव चढले. मी हिला म्हणालो, चढले म्हणजेच उतरण्याची तयारी चालू आहे. ती त्या दिवशी बसही चालवत नव्हती. पत्ते खेळत होती, एकटीचे.

एकोणिसाव्या दिवशी, शनिवारी, भाव खरोखरच उतरले. मला झालेला आनंद मी लपवू शकत नाही. आलेखात दोनच दिवसांची चूक! तक्त्यात पहिलं आलं होतं दुकान 'ग'. हिनं चिठ्ठी उघडली. 'ग' म्हणजे पाचवं, अनोळखी लोकांच्या किल्ल्या विकणारं. मला धक्का बसला, पण शास्त्रापुढे इलाज नव्हता. मी कार्डाचा नंबर टाकला (दोनदा चुकला), फोनवर आलेला आकडा टाकला (मुदत संपली), पुन्हा आलेला टाकला आणि किल्ली मिळाली. कॉम्प्युटरवर दीपगृह उतरलं.

'ताई, घेतला! उद्या चार वाजता?' हिनं लिहिलं.

'चारला,' असं उत्तर आलं. पुढे पूर्णविराम होता. हिनं तो मला बोट ठेवून दाखवला.

रविवारी हिनं पडदा पुसला. खुर्चीवर उशी ठेवली. वाचायचा चष्मा काढून लग्नाकार्याला लावायचा तो चष्मा लावला. मला म्हणाली, "तुम्ही आत बसा." मी दाराआड उभा राहिलो, फाइल घेऊन. (निरीक्षणासाठी. माझी कुठलीही लबाडी निरीक्षणासाठीच असते.)

चार वाजता समुद्र उघडला. खरोखर सुंदर होता. ही एकेक पायरी चढत वर दिव्यापाशी पोचली आणि थांबली. चार वाजून पाच मिनिटं झाली. दहा झाली. ही तिथे एकटीच उभी होती, खुर्चीत बसूनही उभी असल्यासारखी. तेवढ्यात फोन वाजला. मेसेजचा टुणकन आवाज नव्हे, पुरी घंटी. तीन वर्षांत पहिल्यांदा. हिनं घाईघाईत फोन टेबलावर मोठ्या आवाजात लावला.

"तू आली नाहीस," मेट्रन म्हणाल्या.

"मी आलेय ताई! केव्हाची! वर दिव्यापाशी उभी आहे."

"दिव्यापाशी मी उभी आहे."

"मग मला तू दिसत का नाहीस?"

"तेच मी तुला विचारतेय."

"थांब, समुद्रात बघ. जहाज दिसतंय?"

"लाल?"

"लाल! डावीकडून येतंय."

"माझंही डावीकडून येतंय."

"म्हणजे एकाच ठिकाणी आहोत आपण!"

"मग तू दिसत का नाहीस, धाकटे?"

दोघींच्याही तळघरात इंजिनापाशी कुणीच नव्हतं. दिवा विझला. लाल जहाज खडकावर आपटलं तो आवाज आमच्या खोलीत आला आणि लगोलग फोनमधूनही आला.

मी धावत माझ्या खोलीत गेलो आणि दुकानाच्या मदतनिसाला लेखी विचारलं. त्यानं आधी माझी प्रकृती विचारली. मग म्हणाला, 'आपल्याकडची किल्ली ज्या दुकानाच्या प्रतीची आहे, त्या प्रतीचा समुद्र वेगळा आहे, सर. दुसऱ्या दुकानाच्या ग्राहकाला त्यात येता येत नाही. दोघांनी एकाच दुकानाची प्रत घ्यावी लागते.' मी विचारलं, ही परत घ्याल? तो म्हणाला, 'वापरलेली किल्ली परत घेतली जात नाही. अटींचं अकरावं कलम बघावं.' मला बघायची गरज नव्हती. अकरावं कलम मला पाठ होतं. 'आमच्या सेवेला एक ते पाचपैकी किती गुण द्याल?' असं त्यानं विचारलं तेव्हा मी पाच दिले, कारण चूक त्याची नव्हती.

ही बातमी घेऊन मी बाहेर आलो तोवर उशीर झाला होता.

"तुझं हे नेहमीचंच," फोन म्हणत होता. "येते म्हणायचं आणि यायचं नाही. वीस दिवस मला 'हे बघतायत, हे बघतायत'. नको होतं तर सरळ नको म्हणायचं."

"मी कुठे नको म्हटलं?"

"मशीनच्या वेळी म्हणालीस की! आणि मग तीन वर्षं तोंड फुगवून बसलीस."

"एकदा नको म्हटलं! दुसऱ्यांदा विचारायचं असतं गं माणसाला!"

"मी एकदाच विचारते. सगळ्या वॉर्डाला एकदाच विचारत आले."

"मी काय तुझा वॉर्ड आहे?"

फोन बंद झाला. कुणी आधी ठेवला ते कळलं नाही.

मी समुद्र वेगळे असल्याचं हिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, डबीत ठेवला. कॉम्प्युटर बंद केला. मला वाटलं आता ती बोलेल. मला बोलायला हवं होतं तिनं. पण ती एवढंच म्हणाली, "ती फाइल ठेवून द्या आता. हात दुखेल."

त्या वाक्यानंतर जेवण झालं, भांडी झाली, दिवे गेले असते तरी मला कळलं नसतं. आयुष्यभर मी चुका टाळण्याचा अभ्यास केला. आणि बायकोला तीन वर्षांनी मिळालेली एक गोष्ट मी वीस दिवसांत, पद्धतशीरपणे, तक्त्यासकट घालवली.

सोमवारी सकाळी ही बाजारात गेल्यावर मी मेट्रनना फोन केला. आपण होऊन केलेला पहिलाच. बोलायचे मुद्दे कागदावर लिहून घेतले होते. पहिला मुद्दा होता 'नमस्कार'.

"नमस्कार ताई, मी बोलतोय."

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही. सगळे आहेत. मला एक कबुली द्यायचीय."

मग मी सगळं सांगितलं. सात दुकानं, अटी, अडीच गुण, झाकलेली नावं, गुरुवार. शेवटी म्हणाल्या, "प्राध्यापक, मी कोणत्या दुकानातून घेतला ते विचारावंसं नाही वाटलं तिला?"

"वाटलं. चौथ्याच दिवशी. मी विचारू दिलं नाही."

"का?"

"माझं मत तुमच्या बाजूनं कललं असतं."

"बरं. म्हणजे हे वीस दिवस ती अडून बसली नव्हती."

"नाही."

"तुम्ही बसला होतात."

"हो."

"तक्ता घेऊन."

"फाइल होती. तक्ता फाइलमध्ये."

पलीकडून एक चमत्कारिक आवाज यायला लागला. मला वाटलं, रडतायत. वय झालं होतं त्यांचं. मी "ताई, पाणी घ्या" असंही म्हणालो. त्यावर तो आवाज आणखी वाढला, तेव्हा कळलं की मेट्रन हसत होत्या. इतकी वर्षं त्यांना ओळखतो, पण तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"फोन द्या तिला," श्वास सावरल्यावर त्या म्हणाल्या.

ही पिशव्या घेऊन दारातच उभी होती. मी फोन तिच्या कानाला लावला आणि पिशव्या घेतल्या. पुढचा सव्वा तास मला एकच बाजू ऐकू येत होती. "हो ना गं... अगं, इस्त्रीला सात महिने!... गादीखाली... नाही, कॉलेजात तसेच जायचे... पंख्याचं तर तुला सांगितलंच नाही... हो, तू म्हणाली होतीस, तेव्हाच म्हणाली होतीस... नाही गं, तसा माणूस वाईट नाही... चिठ्ठ्या! सात चिठ्ठ्या!... अय्या, रडू नको, मलाही येतंय..." शिलाई मशीनचा विषय त्या दिवशी निघाला नाही, पुढेही कधी निघाला नाही. दोघींमध्ये तीन वर्षं जे मशीन उभं होतं, त्याच्या जागी आता मी होतो.

फोन ठेवून ही माझ्यासमोर आली. "कार्ड द्या."

मेट्रननी घेतला होता त्याच, पहिल्या भल्यामोठ्या दुकानातून, सवलत संपल्यामुळे पुन्हा चढलेल्या भावानं तिनं दीपगृह पुन्हा घेतलं. मी घड्याळ लावलं होतं. चार मिनिटं लागली, त्यातलं एक मी कार्ड शोधण्यात घालवलं.

त्या दिवसापासून रोज चार वाजता आमच्या घरात कुणी मला चहा विचारत नसे. मेट्रन अर्थातच वर, दिव्याला. ही खाली, इंजिनाला. "धाकटे, वीज दे!" "दिली ताई!" "किती दिलीस?" "मागितलीस तेवढी!" "दोन जहाजं आहेत, विचार करून देत जा!" "विचार करायला आमच्याकडे वेगळा माणूस आहे!" मग दोन घरांत मिळून हसू. मी बाजूच्या खोलीत पेपर उघडा धरून ऐकत बसायचो. दहा वर्षांची असल्यासारखी बोलायची ही. मी तिला तशी कधी बघितलीच नव्हती, कारण मी भेटलो तेव्हा ती चोवीस वर्षांची होती.

चौदा महिने हे चाललं. मग मेट्रनची नजर अधू होत गेली. शेवटी शेवटी त्यांना पडद्यावरचं दिसत नसे. तेव्हा हिनं जागा बदलल्या. ही वर गेली आणि त्या खाली इंजिनापाशी बसल्या. ही जहाजांचा रंग सांगायची, कुठून येतंय ते सांगायची, आणि त्या अंदाजानं बटण दाबायच्या. बरीच जहाजं आपटली. कुणी कुणाला बोललं नाही. त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत.

चौदा महिन्यांच्या दुपारी आणि माझ्या तक्त्यात गेलेल्या वीस, हा हिशेब मी मांडून पाहिलेला आहे. मांडल्याशिवाय मला राहवत नाही. पावणेपाच टक्के येतात. माझ्या शास्त्रात पाच टक्क्यांपर्यंतची चूक चालवून घेतात. मी हे हिला सांगितलेलं नाही. ती अजूनही कधीमधी चार वाजता कॉम्प्युटर लावते, पायऱ्या चढून दिव्यापाशी जाते आणि थोडा वेळ समुद्र बघून खाली येते. वीस दुपारी म्हणजे किती, हे तेव्हा तिच्या पाठीकडे बघून कळतं. टक्क्यांत कळत नाही.

पुढे काही वर्षांनी भाची, म्हणजे मेट्रनची मुलगी, आईची सगळी खाती बंद करायला बसली. खेळाच्या दुकानाचंही एक होतं. "काका, तुम्ही बारकाईनं बघता, एवढं तपासून द्या ना," म्हणून तिनं खरेदीची यादी मला पाठवली. बस, शब्दकोडी, दीपगृह. दीपगृहाच्या पुढे 'प्रती : दोन' असं होतं. तारीख त्याच मंगळवारची, हिला मेसेज यायच्या वीस मिनिटं आधीची. तारीख आणि वेळ मी हिच्या जुन्या फोनवरून तीनदा ताडून पाहिली, बरोबर आहे. दुसऱ्या प्रतीपुढे लिहिलं होतं, 'बहिणीसाठी भेट'. ती त्याच दिवशी संध्याकाळी परत केलेली होती. परत करण्याचं कारण विचारलं होतं, तिथे मेट्रननी 'इतर' निवडून स्वतःच्या शब्दांत लिहिलं होतं, 'धाकटीच्या घरी प्राध्यापक आहेत.' आणि त्याखाली दुकानाचा शेरा होता, 'कारण ग्राह्य. परतावा मंजूर.'